‘नोटीस पिरियड किती?’ : कोल्हापुरातून नोकरी बदलताना

राजारामपुरीतील एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी पाच वर्षांहून अधिक काळ साखर कारखान्यांच्या ऊसबिल प्रणालीवर काम केले. वजनकाट्यावरील नोंद, तोडणी-वाहतुकीचा हिशेब, विकास सोसायटीच्या कर्जाची कपात आणि उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या बँक खात्यात, एवढे सगळे ती प्रणाली सांभाळते. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे देणे कारखान्यावर बंधनकारक असल्यामुळे हंगामात आमच्या कामाला ढिलाई परवडत नाही. बिलात एका टनाचा फरक पडला तरी शेतकरी दुसऱ्या दिवशी शेती कार्यालयात हजर असतो. पुढे पगार वाढेनासा झाला आणि आई-वडिलांमुळे कोल्हापूर सोडणेही शक्य नव्हते, म्हणून बहुतांश घरून करता येईल अशी बॅकएंड डेव्हलपरची, म्हणजे पडद्यामागे सर्व्हरवर चालणारा भाग लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरची, जागा मी शोधू लागले. या शोधात मला सर्वाधिक त्रास नकारांचा झाला नाही. मी नेमके काय काम करते, हे विचारण्याआधीच बहुतेक ठिकाणी निर्णय होऊन जात असे, त्याचा झाला.

अर्जाच्या फॉर्मबद्दल फार लिहीत नाही. रेझ्युमे अपलोड केल्यानंतर त्यातीलच माहिती रकान्यारकान्यांत पुन्हा टंकित करावी लागते, हे ज्याने अर्ज केले आहेत त्याला ठाऊक आहे. खरी चाळणी फोनवर लागते. सध्याचा सीटीसी (कंपनीचा आपल्यावर होणारा वर्षाचा एकूण खर्च) किती, अपेक्षित किती आणि नोटीस पिरियड (राजीनाम्यानंतर काम करत राहण्याची मुदत) किती, हे तीन प्रश्न झाले की पलीकडच्या व्यक्तीला पुढे काही ऐकण्याची इच्छा उरत नाही. माझ्या नियुक्तीपत्रात ९० दिवसांची नोटीस आहे. आयटी क्षेत्रातील कित्येक मोठ्या सेवा कंपन्याही स्वतःच्या कर्मचाऱ्यांना याच अटीने बांधून ठेवतात आणि बाहेरून माणूस घेताना मात्र त्यांना ‘इमिजिएट जॉइनर’, म्हणजे लगेच रुजू होणारा, हवा असतो. एका रिक्रूटरने तर स्पष्टच सांगितले, ‘‘मॅडम, तुम्ही आधी रिझाइन करा, मग तुमची प्रोफाइल चालेल.’’ हातात ऑफर नसताना घरच्या कर्त्या व्यक्तीने राजीनामा द्यावा, हा सल्ला देताना त्यांच्या आवाजात कसलाही संकोच नव्हता.

फोनच्या चाळणीतून सुटल्यावर ऑनलाइन परीक्षा येते. कॅमेरा सुरू, दुसरी विंडो उघडायची नाही, नजर पडद्यावरून हलली की इशारा. जुलैच्या पावसात अशाच एका परीक्षेच्या मध्यावर आमच्याकडची लाइट गेली; राउटर पुन्हा सुरू होईपर्यंत माझे सत्र बंद झाले होते. मदतीसाठी पाठवलेल्या मेलला ‘आपला प्रयत्न नोंदवला गेला आहे’ असे यांत्रिक उत्तर आले.

मुलाखतींत बहुधा डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदमचे प्रश्न असत. ते निरर्थक आहेत असे मी म्हणणार नाही, कारण नोंदी दहापट झाल्या की प्रोग्रॅम किती पटींनी मंदावेल, हा विचार ऊसबिलातही करावाच लागतो. परंतु दोन क्रमबद्ध ॲरेंचा (क्रमाने लावलेल्या याद्यांचा) मध्यक लॉगॅरिदमिक वेळात, म्हणजे यादी खूप वाढली तरी वेळ थोडाच वाढेल अशा रीतीने, शोधण्याची युक्ती पाठ असणे आणि चालू प्रणालीतील दोष हुडकणे, ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. आमच्याकडे पंधरवड्याची बिले काढताना डेटाबेसमधील नोंदी लॉक होत, म्हणजे ते काम संपेपर्यंत इतरांसाठी बंद राहत, त्याच वेळी वजनकाट्यावरील नोंदणी अडकून पडे आणि कारखान्याच्या दारात ट्रॅक्टरांची रांग लागे. पंधरवड्यातील वजने आधी गोठवून वेगळ्या टेबलात घेणे आणि एका मोठ्या ट्रान्झॅक्शनऐवजी (एकत्रच पूर्ण होणाऱ्या बदलांच्या संचाऐवजी) गटवार छोटी ट्रान्झॅक्शन करणे, या उपायाने ती रांग थांबली. हे मी एका मुलाखतीत सांगू लागले, तेव्हा समोरच्या गृहस्थांनी मध्येच विचारले, ‘‘पण हे लोकल क्लायंटचे काम ना? प्रॉडक्ट कंपनीचा अनुभव आहे का?’’ म्हणजे एका ग्राहकाच्या मागणीनुसार नव्हे, तर स्वतःचे सॉफ्टवेअर बनवून विकणाऱ्या कंपनीचा. रात्रभर न थांबणाऱ्या काट्याला प्रॉडक्ट म्हणायचे की नाही, यावर तेथे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्या एका कंपनीने निवडीचा भाग म्हणून लॉगिन, चाचण्या आणि डॉकरसह (प्रोग्रॅम कोणत्याही संगणकावर सारखा चालावा म्हणून तो बांधून देण्याचे साधन) संपूर्ण बुकिंग सेवा लिहून मागितली. शनिवार-रविवार त्यात गेला. पुढे होकार नाही, नकार नाही आणि स्मरणपत्रांना उत्तरही नाही. कोड कोणी उघडून तरी पाहिला का, हे मला आजतागायत समजलेले नाही.

ज्या पुण्याच्या कंपनीत अखेर निवड झाली, तिची तांत्रिक फेरी अगदी वेगळी होती. त्यांनी स्वतःच्याच प्रणालीतील मंदावलेली एक क्वेरी (डेटाबेसकडे माहिती मागणारी आज्ञा) पडद्यावर ठेवली आणि ‘‘आपण दोघे मिळून पाहू,’’ असे सांगितले. एक्झिक्युशन प्लॅन, म्हणजे डेटाबेस ती माहिती कोणत्या पायऱ्यांनी शोधतो हे, पाहताच लक्षात आले की अटीत तारखेच्या कॉलमवर फंक्शन लावल्यामुळे त्या कॉलमचा इंडेक्स (नोंदी झटपट शोधण्याची सूची) वापरलाच जात नव्हता. फंक्शन काढून ‘या तारखेपासून त्या तारखेच्या आधीपर्यंत’ अशी अट लिहिल्यावर प्लॅन बदलला. मग गप्पा लॉकिंगकडे वळल्या आणि वजनकाट्याची गोष्ट प्रथमच कोणीतरी शेवटपर्यंत ऐकली.

ऑफरचा आकडा मोठा दिसत होता, पण मी तो सोडवून पाहिला. मालकाचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा, म्हणजे मूळ वेतनाच्या १२ टक्के, आणि ग्रॅच्युइटीपोटी ४.८१ टक्के, हे दोन्ही सीटीसीतच धरलेले होते; शिवाय व्हेरिएबल पे, म्हणजे कामगिरीनुसार कमी-जास्त होणारा भाग, वेगळा. ग्रॅच्युइटीसाठी नियमित कर्मचाऱ्याची सलग पाच वर्षे सेवा व्हावी लागते, त्यामुळे ती रक्कम पगार म्हणून मोजणे मला फसवे वाटते. हे सारे वजा करून दरमहा हाती किती पडेल, हे एचआरकडून लेखी मागितले आणि ते मिळाले.

नोटीसचा प्रश्न तेथेही निघाला, मात्र निवड झाल्यानंतर. ९० दिवस थांबण्याची त्यांची तयारी होती. ‘महिन्यातून एकदा पुण्याला यावे लागेल, बाकी काम घरून’ असे फोनवर सांगितले गेले होते, ऑफर लेटरमध्ये मात्र कामाचे ठिकाण फक्त पुणे असे छापलेले होते. घरून काम करण्याची अट त्यात लिहून द्यावी, असा मी आग्रह धरला. ‘‘आमच्याकडे हे सगळे विश्वासावर चालते,’’ असे एचआरच्या ताईंचे म्हणणे पडले, तरी काही दिवसांनी सुधारित पत्र आले. ते वाचून झाल्यावर मी राजारामपुरीच्या कार्यालयात राजीनामा दिला.