आधी नळ, मग बाटली: इंदूरचं पाणी आणि कुरळे केस

पुण्याला मावशीकडे चार दिवस राहून आलं की केस कसे सुटे, गोल गोल. आणि इंदुरात दोनदा नाहणं झालं की त्यांचा पुन्हा झाडू. ही तक्रार इथल्या मराठी घरांत सर्रास ऐकू येते, आणि तिच्यावर उपाय म्हणून नवीन बाटली आणली जाते. शांपू तोच असतो, तेल तेच असतं. बदललेलं असतं ते पाणी.

इथल्या कित्येक घरांत दोन पाणी असतात: एक दिवसाआड येणारं नर्मदेचं आणि बोरिंगचं. नर्मदेचं जपून प्यायला-स्वयंपाकाला, बोरिंगचं नहायला, अशी वाटणी सहसा होते. माळव्याच्या काळ्या खडकातून येणाऱ्या बोरिंगच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असू शकतात. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर धरतो, तोच पातळ होऊन केसांवर बसतो. सरळ केसांत तो फारसा कळत नाही. कुरळा केस प्रत्येक वळणावर वाकलेला असतो, त्याच्या पृष्ठभागावरचे खवले तिथे जरा उचललेले असतात, आणि टाळूचं तेल इतकी वळणं उतरून टोकापर्यंत पोचत नाही. त्यामुळे क्षारांचा खरखरीतपणा तिथे लगेच हाताला लागतो.

पाणी तपासायला पैसे लागत नाहीत. पारदर्शक बाटली अर्धी भरा, त्यात अंगाचा साधा साबण चिमूटभर किसून टाका आणि दहा सेकंद हलवा. फेस वर उभा राहिला आणि खालचं पाणी जवळपास स्वच्छ दिसलं तर पाणी मऊ. फेस बसला आणि पाणी फाटलेल्या दुधासारखं झालं तर जड. शांपू घालून ही परीक्षा होत नाही, त्याला जड पाण्यातही फेस येतो. टीडीएस मीटरवरही विसंबू नका. तो सगळेच विरघळलेले क्षार एकत्र मोजतो, जडपणा वेगळा सांगत नाही. प्रयोगशाळेचा अहवाल असेल तर ‘टोटल हार्डनेस’ बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला २०० मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा आहे, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६००.

पाणी जड निघालं तरी सगळं नाहणं नर्मदेच्या पाण्याने करायची गरज नाही. शेवटची धुणी तेवढी दोन लिटर मऊ पाण्याची ठेवा, तांब्याने ओता, फरक त्याच दिवशी दिसतो. मात्र आरओ मशीनच्या नळीतून वाया जाणारं पाणी त्यासाठी धरू नका. गाळून काढलेले क्षार त्यातच एकवटलेले असतात. शॉवरला लावायचे बहुतेक छोटे फिल्टर क्लोरीन कमी करतात, जडपणा नाही. त्यासाठी मिठाने पुन्हा ताजा करावा लागणारा सॉफ्टनर लागतो.

आधीच बसलेला थर काढायला तीन-चार आठवड्यांतून एकदा चिलेटिंग शांपू वापरा. त्याच्या घटकांत डायसोडियम किंवा टेट्रासोडियम ईडीटीए असतं. नेहमीच्या शांपूच्या यादीत तेच नाव अगदी शेवटी दिसलं तर भुलू नका, तिथे ते बहुधा बाटलीतला माल टिकवायला घातलेलं असतं. तीन मिनिटं ठेवा, धुवा, मग कंडिशनर दुप्पट. दर आठवड्याला हा शांपू लावला तर केस कोरडे ठक्क होतील.

आता नेहमीचं नाहणं. आधी अर्धा तास, केस खांद्यापर्यंत असतील तर दोन छोटे चमचे खोबरेल, टाळूला नव्हे, लांबीला आणि टोकांना. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात खनिज तेल आणि सूर्यफूल तेलाला हे जमलं नव्हतं. आज्जीचं खोबरेल बरोबरच होतं, रात्रभर टाळूवर थापणं मात्र कोंडा असणाऱ्यांनी टाळावं. कोंड्याची बुरशी त्याच तेलावर पोसते.

शांपू सौम्य हवा: कोको ग्लुकोसाइड, सोडियम कोकोइल आयसेथिओनेट अशी नावं यादीत वर असलेला. एक चमचा शांपू मगभर पाण्यात विरघळवून फक्त टाळूवर बोटांच्या पेरांनी चोळा; लांबीला वाहून जाणारा फेस पुरतो. शिकेकाईची हरकत नाही, पण काढा करून, फडक्यातून गाळून. नुसती पूड चोळली की तिचे कण वळणांत अडकतात आणि केस घासून निघतात. खायचा सोडा मात्र अजिबात नको. तो अल्कधर्मी असल्याने खवले आणखी उघडतात.

मग कंडिशनर, दोन मोठे चमचे, निथळत्या केसांवर. गुंता सोडवायची वेळ हीच. आधी बोटं, मग रुंद दातांचा कंगवा, टोकाकडून वर. कोरड्या कुरळ्या केसांत फणी घालणं ही आपल्या घरांतली सगळ्यात जुनी चूक; तारा तुटतात आणि वळणं सुटून पिंजलेला कापूस होतो. चार दिवस न विंचरलेले केस धुताना मूठभर गळतात, त्याने घाबरू नका. रोज पन्नास-शंभर केस गळणं नेहमीचं आहे, ते वळणांत अडकून राहिलेले असतात.

कंडिशनर धुतल्यावर केस पुसू नका. केसातले हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि सुकताना नव्या आकारात पुन्हा जुळतात, म्हणून वळणं धरून ठेवणारं जेल थेंब गळत असतानाच लागलं पाहिजे. डोकं खाली, जेल तळहातांवर पसरा, केसांची टोकं ओंजळीत घेऊन टाळूकडे दाबा. पच-पच आवाज आला म्हणजे पाणी पुरेसं आहे. आवाज नसेल तर आणखी भिजवा. नंतर जुन्या सुती पंचाने तसंच दाबून पाणी टिपा. टर्किश टॉवेलच्या फासांत केस ओढले जातात. पंख्याखाली बसू नका. पूर्ण सुकेपर्यंत हात लावायचा नाही. केस पापडासारखे कडक होतील, ते व्हायलाच हवेत. मग दोन थेंब तेल हाताला लावून चुरगाळा, कडकपणा निघून जातो. अर्धवट ओले असताना चुरगाळलं की सगळी मेहनत वाया.

जेल घरी करायचं तर जवस, म्हणजे इथल्या सियागंज बाजारात मागायची अलसी. चार मोठे चमचे अख्खे दाणे, अर्धा लिटर मऊ पाणी, मध्यम आच, सतत ढवळणं. सात-आठ मिनिटांत चमच्यावरून भेंडी चिरताना सुटते तशी तार सुटू लागते. तिथेच गॅस बंद. ‘अजून थोडं घट्ट होऊ दे’ म्हणून थांबलात तर ते दाण्यांपासून वेगळंच होणार नाही. गरम असतानाच जुन्या नायलॉन मोज्यातून गाळा आणि मोजा सांडशीने दाबा. चहाच्या गाळणीत ते अडकून बसतं. फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं, जास्तीचं बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. आंबूस वास आला की फेका, त्यात टिकवणारं काही नसतं. लावल्यावर पांढरे कण दिसले तर त्याचं कंडिशनरशी जमत नाही. पुढच्या वेळी दोन्ही तळहातावर मिसळून बघा, गुठळ्या झाल्या तर एक बदला.

पावसाळ्यात ग्लिसरीन यादीत वर असलेलं जेल बाजूला ठेवा, दमट हवेतलं पाणी ओढून ते केस फुगवतं. एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्यातही नुसतं ग्लिसरीन पुरत नाही, वरून तेलाचा पातळ हात लागतो. स्कूटरवर सुती स्कार्फच्या आत सॅटिनचा तुकडा घाला. रात्री त्याच कापडाची उशीची खोळ आणि डोक्याच्या अगदी वर सैल अंबाडा. केशरेषेवर ताण येईल अशी घट्ट वेणी रोज घातली तर कानशिलांवरचे केस विरळ होतात.

रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, बघायला जायचं तर निघण्यापूर्वी तीन चमचे खोबरेल, सैल वेणी, वर स्कार्फ. परतल्यावर लगेच पाणी ओतू नका. भिजला की गुलाल चढतो. आधी डोकं खाली करून कोरडा झटका, मग शांपू दोनदा, न रगडता, आणि भरपूर कंडिशनर. जेल त्या दिवशी नको: वळणांत उरलेला गुलाल त्यात चिकटतो आणि रात्री सगळा उशीच्या खोळीवर उतरतो.