मुक्काम ठाण्यात किंवा नवी मुंबईत, बघायची मुंबई: दोन वेळापत्रकं आधी बघा

मुंबई बघायला येणारी मंडळी आधी ठिकाणांची यादी करतात. गेटवे, राणीची बाग, सिद्धिविनायक, हाजी अली, मरीन ड्राइव्ह. मग ती सगळी यादी दोन दिवसांत कोंबायची आणि तिसऱ्या दिवशी पाय चेपत बसायचं. मुक्काम ठाण्यात किंवा नवी मुंबईत असेल तर यादीच्या आधी दोन वेळापत्रकं बघून घ्या: एक लोकलचं आणि दुसरं भरती-ओहोटीचं. या दोघांच्या कलाने दिवस आखला की ठिकाणं आपोआप जागेवर बसतात.

आधी मुक्कामाचं. जागा निवडताना स्टेशनपासूनचं अंतर मिनिटांत मोजा, किलोमीटरमध्ये नको. घोडबंदर रोडला मानपाडा, कासारवडवलीकडे नवी हॉटेलं आहेत, पण संध्याकाळी ठाणे स्टेशनातून तिथे पोचायला तासभर सहज जातो. अवजड गाड्या, मेट्रोचं काम आणि ऑफिसं सुटण्याची वेळ, सगळं त्या एकाच रस्त्यावर येऊन पडतं. दिवसभर फिरून आल्यावर तो शेवटचा तासच माणसाला थकवतो. म्हणून नौपाडा, चरई, पाचपाखाडी असा स्टेशनजवळचा भाग बघा, थोडे जास्त पैसे गेले तरी. नवी मुंबईत वाशी, नेरूळ, सीवूड्स, बेलापूर यांपैकी कुठल्याही स्टेशनाच्या चालत अंतरावर असलं की झालं.

नवी मुंबईत पत्त्याची एक अडचण ठरलेली. सेक्टरचे आकडे प्रत्येक उपनगरात नव्याने सुरू होतात. सेक्टर ७ वाशीतही आहे, नेरूळलाही आहे, खारघरलाही आहे. रिक्षावाल्याला नुसतं ‘सेक्टर सात’ सांगून भागत नाही. आधी उपनगर, मग सेक्टर, मग जवळची शाळा, देऊळ किंवा मॉल असं सांगा. इथली स्टेशनं मोठी आहेत आणि पूर्व-पश्चिम बाजू एकमेकींपासून बऱ्याच लांब पडतात. चुकीच्या बाजूला बाहेर पडलात तर भुयारी मार्गाने परत फिरावं लागतं. कुणाकडे उतरणार असाल तर ‘कुठल्या बाजूला येऊ’ हे आधीच विचारून ठेवा.

रिक्षाचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये आहे, काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं ३१. दोन्ही पहिल्या दीड किलोमीटरसाठी. रात्री बारा ते पहाटे पाच सव्वापट. ठाणे पश्चिमेला स्टेशनातून बाहेर पडलात की डोक्यावर सॅटिसचा पूल दिसतो. ठाणे परिवहनच्या बस त्या पुलावरून सुटतात, रिक्षा खाली. शेअर रिक्षाची रांग वेगळी आणि मीटरची वेगळी, तेव्हा उभं राहण्याआधी पुढच्या माणसाला विचारा. सुटे पैसे जवळ असूच द्यात. आणि सायन किंवा माहीमच्या पलीकडे मुंबईत रिक्षा चालत नाही, तिथे टॅक्सी किंवा बेस्टची बस. बेस्टचं किमान तिकीट साध्या बसला १० रुपये, एसीला १२.

आता लोकल. ठाण्याहून सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) सुमारे ३४ किलोमीटर. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघून ठाण्यालाच आली होती, तेव्हा या मार्गाचा मान मोठा आहे. फास्ट लोकल पाऊण तासाच्या आसपास पोचवते. बहुतेक फास्ट गाड्या घाटकोपर, कुर्ला, दादर, भायखळा एवढ्याच ठिकाणी थांबतात. स्लोला तास लागतो. इंडिकेटरवर वेळेशेजारी एस असेल तर स्लो, एफ असेल तर फास्ट, आणि पुढचा १२ किंवा १५ हा डब्यांचा आकडा. डब्यावर रंगीत तिरके पट्टे दिसले तर तो फर्स्ट क्लास किंवा लेडीज असतो, चढण्याआधी दारापाशी लिहिलेलं वाचा. सेकंडच्या तिकिटावर फर्स्टमध्ये सापडलात तर दंड २५० रुपये आणि वर भाड्यातला फरक.

सकाळी साधारण आठ ते साडेदहा मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ हीच गर्दी उलट येते. पाहुण्यांनी यावर सोपा उपाय करावा: सकाळी सातच्या आत निघा, नाहीतर अकराला निघा. मधल्या वेळेत जायचंच असेल तर ठाण्याहून सुटणारी स्लो लोकल पकडा. वेळ जास्त जाईल, पण बसायला मिळण्याची शक्यता असते. लहान मूल, म्हातारं माणूस किंवा बॅग बरोबर असेल तर फास्टचा मोह नकोच.

परतीचा नियम त्याहून महत्त्वाचा. संध्याकाळी सीएसएमटीवर कर्जत, कसारा, बदलापूरची फास्ट समोर उभी असते आणि ती ठाण्याला थांबते हेही खरं. तरी तीत चढू नका. आत लांबचे प्रवासी दाटीवाटीने उभे असतात आणि त्यांच्यातून वाट काढत ठाण्याला दारापर्यंत पोचणं नवख्याला जमत नाही. माणूस थेट डोंबिवलीला उतरतो. ‘ठाणे’ लिहिलेली लोकल घ्या. ती ठाण्यालाच संपते, त्यामुळे उतरण्याची चिंता नाही. आणि गाडीत सीएसएमटीलाच बसा. दादरला चढू म्हणाल तर गाडी भरूनच आलेली असते.

मध्येच कुठे उतरायचं असेल तर एक स्टेशन आधीच दाराकडे सरकायला लागा. पुढच्याला विचारायचं, ‘दादर उतरणार?’ हो म्हणाला तर त्याच्या मागे उभं राहा, नाही म्हणाला तर त्याच्याशी जागा बदला. प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार हेही तोच सांगेल. पाठीवरची सॅक पोटावर घ्या. मोबाइल खिशात ठेवा, दारात उभं राहून तर हातात धरूच नका.

तिकिटासाठी रेल्वेचं ॲप सोयीचं, पण मोबाइल तिकीट रुळांच्या अगदी जवळ उभं राहून निघत नाही. स्टेशनात शिरण्याआधीच काढा. तिकीट काढल्यापासून तासाभरात प्रवास सुरू करावा लागतो, म्हणून सकाळीच संध्याकाळचं काढून ठेवू नका. दिवसभरात चार-पाच ठिकाणी चढउतार होणार असेल तर तिकीट खिडकीवर पर्यटक पास मागा. तो एक, तीन किंवा पाच दिवसांचा मिळतो आणि मध्य, पश्चिम, हार्बर तिन्हीकडच्या लोकलला चालतो. साध्या सेकंड क्लासच्या तिकिटावर किंवा पासावर एसी लोकलमध्ये मात्र बसता येत नाही.

नवी मुंबईकरांची हार्बर लाइन वेगळी. तिच्यावर फास्ट-स्लो असा भेद नाही आणि ती दादरला जातच नाही. कुर्ल्याहून चुनाभट्टी, वडाळा, शिवडी, डॉकयार्ड करत सीएसएमटीला येते. वाशीहून दादरला जायचं तर कुर्ल्याला गाडी बदलायची. सीएसएमटीवर १ आणि २ नंबरचे प्लॅटफॉर्म हार्बरचे, ३ ते ७ मेन लाइनचे, म्हणजे ठाण्याकडच्या गाड्यांचे. ठाणे आणि नवी मुंबई यांना जोडणारी ट्रान्स-हार्बर ठाण्याच्या ९ आणि १० नंबरवरून सुटते. तीत वाशीची वेगळी आणि नेरूळ-पनवेलची वेगळी. तुर्भ्यापर्यंत रस्ता एकच असल्याने फरक कळत नाही, म्हणून चढतानाच नीट बघा.

रविवारी मुंबई बघायला निघणाऱ्यांनी शनिवारी रात्री मेगाब्लॉकची, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या बंद ठेवण्याची किंवा वळवण्याची, बातमी वाचावी. साधारण साडेदहा-अकरापासून साडेतीन-चारपर्यंत काम चालतं. मेन लाइनवर ब्लॉक असला तर फास्ट गाड्या स्लो मार्गावर वळवतात, उशिराने का होईना पण पोचता येतं. हार्बरवर ब्लॉक असला तर त्या टप्प्यातली वाहतूकच बंद होते. मग वाशी-नेरूळकरांनी सरळ ठाण्यामार्गे जावं. अशा दिवशी त्याच तिकिटावर ठाण्यामार्गे जायची मुभा बहुतेक वेळा जाहीर होते.

दक्षिण मुंबईसाठी एक पूर्ण दिवस ठेवा आणि तो चालत बघा. सीएसएमटीची इमारत २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. समोरच्या महापालिकेच्या फुटपाथवरून ती सगळ्यात चांगली दिसते, स्टेशनच्या दारात उभं राहून नाही. तिथून डी. एन. रोडने हुतात्मा चौक, पुढे काळा घोडा, मग छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय (सव्वादहाला उघडतं) आणि शेवटी गेटवे. एकूण चाल अडीच किलोमीटरच्या आसपास. संग्रहालयाला निदान दोन तास द्या, वरचे मजले घाईत बघू नका. घारापुरी (एलिफंटाची लेणी) याच दिवशी उरकू असं म्हणू नका. लाँचला एका बाजूने तास लागतो, वर शंभराहून जास्त पायऱ्या आहेत, आणि सोमवारी लेणी बंद. तिच्यासाठी वेगळी सकाळ काढा आणि पहिल्या लाँचेसपैकी एखादी धरा.

मरीन ड्राइव्हवर संध्याकाळ झाली की समोर चर्चगेट दिसतं आणि पाहुणे तिथून गाडीत बसतात. ती पश्चिम रेल्वे. दादरला उतरून पूल चढून मध्य रेल्वेच्या भरलेल्या गाडीत घुसावं लागतं. आता मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण सुरू आहे. चर्चगेटहून हुतात्मा चौक आणि पुढचंच स्टेशन सीएसएमटी. तिथून आपली ठाणे लोकल सुटायच्या जागीच पकडता येते. याच मेट्रोला सिद्धिविनायकाचं स्वतंत्र स्टेशन आहे. देवदर्शनासाठी मंगळवार टाळलात तर रांग पुष्कळ कमी. मेट्रोचं तिकीट खाली उतरण्याआधी काढा, भुयारात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

दुसरं वेळापत्रक समुद्राचं. पंचांग हाताशी असेल तर कोकणातला जुना ठोकताळा वापरा: तिथीच्या आकड्याला तीनने गुणा, चारने भागा, पूर्ण भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला (पंधरा धरून) सव्वाअकरा. दिवसाही आणि रात्रीही. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. ओहोटी सहा तासांनी. हाजी अलीचा रस्ता भरतीला पाण्याखाली जातो, तेव्हा अमावास्येच्या दुपारी बाराला तिथे जाऊन काठावर उभं राहावं लागतं. पावसाळ्यात हाच हिशेब जास्त कामाचा. उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की शहरातलं पाणी समुद्रात जायला जागाच उरत नाही. मग सायन-कुर्ला आणि चुनाभट्टीकडे रूळ बुडतात आणि मेन, हार्बर दोन्ही अडकतात. अशा दिवशी सकाळपासून पाऊस लागला असेल तर मुंबईकडे जाऊच नका. निघालाच असाल आणि गाड्या थांबल्या, तर रुळांत उतरून चालण्यापेक्षा आहात तिथल्या स्टेशनात थांबा.

मुंबईला न जाताही एक दिवस उत्तम जातो, आणि तो फ्लेमिंगोंचा. नोव्हेंबर-डिसेंबर ते मे हा त्यांचा काळ. ठाणे खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, जागा. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून वनखात्याची बोट जाते. खाडीत बोट तरंगण्याइतकं पाणी लागतं, म्हणून तिच्या वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात. आधी बुकिंग करूनच जा, आयत्या वेळी जागा मिळत नाही. बोटीत बसायचं नसेल तर नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळी गाठा. ओहोटीला पक्षी खाडीच्या उघड्या चिखलात चरतात आणि लांब असतात. भरती चढली, चिखल बुडाला की उडून या पाणथळींत विसाव्याला येतात, अगदी काठाजवळ. षष्ठी-सप्तमीला भरती साडेचार-पाचच्या सुमाराला येते, ऊनही कललेलं असतं. तोच दिवस धरा. रंग एप्रिल-मेमध्ये जास्त गडद असतो. दुर्बीण असेल तर न्या, आणि लहान मुलांना काठावर पळू देऊ नका, थवा उठला की लवकर खाली बसत नाही.

साप्ताहिक सुट्ट्याही बघून ठेवा. राणीची बाग बुधवारी बंद, कान्हेरी लेणी आणि ती जिथे आहेत ते बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी. याच उद्यानाची येऊरची बाजू ठाण्यातच असली तरी कान्हेरीला तिकडून जाता येत नाही, बोरिवलीच्याच दाराने जावं लागतं.

परतीचं तिकीट नीट वाचा. विमान असेल तर ते मुंबईहून आहे की नवी मुंबईहून, हे डिसेंबर २०२५ पासून बघावंच लागतं. दोन्ही विमानतळ खाडीच्या दोन बाजूंना आहेत. मुंबईच्या टर्मिनल दोनला ठाण्याहून टॅक्सीशिवायही जाता येतं: लोकलने घाटकोपर, मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथून मेट्रो ३ ने पुढचंच स्टेशन. रेल्वेचं असेल तर एलटीटी (लोकमान्य टिळक टर्मिनस) म्हणजे कुर्ला स्टेशन नव्हे. कुर्ल्याहून सामान घेऊन रिक्षा करावी लागते. हार्बरवरून येणाऱ्यांना टिळकनगर जवळ पडतं. त्याहून बरं म्हणजे तुमची गाडी ठाण्याला किंवा पनवेलला थांबते का ते बघून बोर्डिंग स्टेशन तेच करून घ्या. ते न बदलता पुढच्या स्टेशनवर चढलात तर तुमची जागा दुसऱ्याला दिलेली असू शकते. ठाण्याला गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते, म्हणून डबा कुठे येणार हे इंडिकेटरवर बघून सामान आधीच तिथे नेऊन ठेवा.