ब्लँच लिंकन पडल्या ती धनत्रयोदशी

३ नोव्हेंबर २०१०. धनत्रयोदशी होती, वावरात वेचणी सुरू होती, आणि मी हिंगणघाटच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, ऑफिसात अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याच्या निवडणुकीचा निकाल वाचत बसलो होतो. सिनेटर ब्लँच लिंकन पडल्या होत्या. मला खरंच वाईट वाटलं.

राळेगाव तालुक्यातल्या कास्तकाराच्या पोराला आर्कान्साचं काय पडलं होतं, ते सांगतो. बी.कॉम. झाल्यावर मी त्या जिनिंगमध्ये लिखापढीचं काम करत होतो. सकाळचं पहिलं काम म्हणजे न्यूयॉर्कचा वायदा, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या मालाचा आज ठरणारा भाव, पाहायचा. पौंडाला किती सेंट, त्याचे खंडीला किती रुपये, असा हिशेब करून चिठ्ठी शेटजींच्या टेबलावर ठेवायची. खंडी म्हणजे ३५६ किलो रुई, सरकी काढलेला कापूस. बाहेर बंड्या आणि मेटॅडोर लागलेल्या असायच्या. शेटजी गाडीवर चढायचे, वरचा वाळलेला थर बाजूला सारून कोपरापर्यंत हात आत घालायचे, खालचा कापूस ओढून काढायचे. चिमटीत धागा ताणून पाहायचे. मग एक सरकी दाताखाली धरायचे. कट्ट आवाज आला की माल वाळलेला. नाही आला तर ओला. कास्तकार खाली उभा राहून त्या आवाजाकडे कान लावून असायचा. पण शेटजींच्या तोंडून जो भाव निघायचा, त्याची सुरुवात माझ्या चिठ्ठीतून झालेली असायची.

त्या वायद्याच्या बातम्या वाचता वाचता हे नाव सापडलं. ब्लँच लिंकन मिसिसिपी नदीकाठच्या हेलेना गावच्या, भातशेती करणाऱ्या घरातल्या. १९९८ मध्ये ३८ व्या वर्षी सिनेटवर निवडून आल्या, तेव्हा इतक्या कमी वयात तिथं पोचलेली ती पहिलीच बाई. सिनेट म्हणजे तिथल्या संसदेचं वरचं सभागृह, पण आपल्या राज्यसभेसारखं ते नाही, तिथं सिनेटरला लोक थेट मत देतात, सहा वर्षांसाठी. सप्टेंबर २००९ मध्ये त्या सिनेटच्या कृषी समितीच्या अध्यक्ष झाल्या. त्या खुर्चीवर बसलेली ही पहिली बाई आणि आर्कान्साची पहिली व्यक्ती. शेतीचे कायदे या समितीतून जातात, आणि वायदेबाजारावर नजर ठेवणारं सरकारी खातंही याच समितीच्या अखत्यारीत येतं. म्हणजे माझी चिठ्ठी ज्या बाजारातून यायची, त्याचे नियम त्यांच्या टेबलावरून जात होते.

२०१० चा एप्रिल मला आजही टोचतो. अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना जी मदत देते, तिच्याविरुद्ध ब्राझील जागतिक व्यापार संघटनेत गेला होता आणि जिंकला होता. त्या एप्रिलमध्ये अमेरिकेनं मार्ग काढला. ब्राझीलला वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यायचे कबूल केले, आणि आपल्या कास्तकाराची मदत चालू ठेवली. त्याच महिन्यात आपल्याकडे कापसाच्या निर्यातीची नोंदणी थांबवली, गिरण्यांना रुई महाग पडते म्हणून. दोन्ही बातम्या मी एकाच टेबलावर वाचल्या.

निवडणुकीत लिंकनबाई दोन्ही बाजूंनी सापडल्या. ओबामांच्या आरोग्य कायद्याला मत दिलं म्हणून एक बाजू चिडली. सरकारी विमा योजनेला आणि कामगार संघटनांच्या मागणीला विरोध केला म्हणून स्वतःच्या डेमोक्रॅटिक पक्षातली दुसरी. पक्षाच्याच उमेदवारीसाठी राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर बिल हाल्टर त्यांच्यासमोर उभे राहिले, कामगार संघटना त्यांच्या पाठीशी. १८ मे च्या मतदानात कुणालाच निम्म्याच्या वर मतं मिळाली नाहीत. तिथं अशा वेळी पहिल्या दोघांत परत मतदान होतं. बिल क्लिंटन, त्याच राज्याचे, लिंकनबाईंसाठी प्रचाराला आले. ८ जूनला त्या ५२-४८ नं निघाल्या. इकडे मृग लागला होता, आम्ही बियाणं घरात आणून आभाळाकडे पाहत होतो.

नोव्हेंबरात मात्र रिपब्लिकन जॉन बूझमन यांनी त्यांना ५८ विरुद्ध ३७ टक्क्यांनी पाडलं. बूझमन मुळात डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारे डॉक्टर.

संध्याकाळी गावी आलो. बाबांना या बाईबद्दल मी आधीच सांगून ठेवलं होतं. पणत्या लावता लावता त्यांनी विचारलं, "बाई कास्तकाराच्या घरची होती नं? मंग पाडली कायले?" मी जमेल तसं सांगितलं. मग म्हणाले, "तिथल्या कास्तकाराचं आता काय होईन?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. त्या वर्षी वायदा पौंडाला डॉलरच्या वर गेला होता, लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ३,००० होता आणि बाजार त्याच्या बराच पुढे. चार पैसे हातात होते, प्रश्न मागे पडला.

उत्तर मिळायला पंधरा वर्षं गेली. जानेवारी २०२५ पासून त्याच कृषी समितीच्या खुर्चीवर बूझमन आहेत. जुलैमध्ये तिथं जो मोठा कायदा झाला, त्यात सरकी असलेल्या कापसाचा, म्हणजे आपण बंडीत भरतो त्याच कापसाचा, आधारभाव पौंडाला ३६.७ सेंटवरून ४२ सेंट केला. मी क्विंटलचा हिशेब मांडला. तेव्हाच्या डॉलरच्या भावानं आठ हजारांच्या आसपास येतो. आपला २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११०. आकड्यात आपण मागे नाही! पण तिथं बाजार खाली गेला तर नोंद असलेल्या एकरांवर फरकाची रक्कम सरकार कास्तकाराच्या खात्यात टाकतं, कायद्यात लिहिलेलं म्हणून. आपल्याकडे कापूस खरेदी केंद्रापर्यंत न्यायचा, ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की परत आणायचा. आणि त्याच ऑगस्टमध्ये, बोंडं धरायच्या आधीच, आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क आपण काढून टाकलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. आमची वेचणी नेमकी त्याच दिवसांतली.

तिथं बाई पडली, पक्ष बदलला, खुर्चीवरचा माणूस बदलला, कास्तकाराच्या भावाचा आधार मधली काही वर्षं सोडली तर कायद्यात राहिला. आमच्या मतदारसंघात मी कळायला लागल्यापासून किती जण पडले अन् किती आले. आधार कुणाच्याच काळात कायद्यात उतरला नाही. मत मागायला येणाऱ्याला हे विचारायला हवं होतं, मीही विचारलं नाही.

त्या डिसेंबरात बाबांना हे सगळं सांगितलं. मधल्या खोलीत छतापर्यंत कापूस भरला होता, नातवंडं त्यात लोळून हातपाय खाजवत होती. बाबांना आता ऐकायला थोडं कमी येतं, म्हणून आकडे दोनदा सांगावे लागले. "ज्यानं बाईले पाडली, त्यानंच वाढवून देल्ला?" त्यांनी विचारलं. एकटा तो नाही बाबा, पण समिती त्याचीच, मी म्हटलं. ते बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिले. मग म्हणाले, लिहून ठेव. कॅलेंडरच्या मागच्या पानावर आम्ही वेचणीची मजुरी लिहितो, तिथं बायांच्या नावांखाली ४२ सेंट लिहून ठेवले आहेत.