जुन्या बाईकचं मिसिंग: तिसऱ्या आठवड्याची नोंद

एक सिलिंडर, चार स्ट्रोक, पॉइंटवालं (उघडझाप करणाऱ्या स्विचने ठिणगी पाडणारं) इग्निशन, स्लाइडचा (सरकत्या झडपेचा) कार्ब्युरेटर. तक्रारी तीन: गरम झाली की आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनाचा वेग) वरखाली, रेस सोडली की सायलेन्सरमधून फटाके आणि चढावर मिसिंग (मधेच ठिणगी किंवा स्फोट चुकून इंजिन अडखळणं). तिन्हींचं मूळ एकच असणार असं मी धरून चाललो होतो, त्यात दोन आठवडे गेले.

या वेळी पान्याला हात लावण्याआधी थ्रॉटलच्या मुठीवर चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा केल्या. पावपर्यंत पेट्रोलचं प्रमाण मुख्यतः पायलट जेट (बारीक भोक) आणि स्लाइडचा कट ठरवतात, पाव ते पाऊण नीडल (सुई), पुढे मेन जेट (मोठं भोक). त्रास कुठल्या खुणेवर होतो ते कळलं की बराचसा कार्ब्युरेटर संशयातून सुटतो. आयडलिंग आणि फटाके पहिल्या खुणेच्या आतले निघाले. मिसिंगला मात्र खुणेशी देणंघेणं नव्हतं, इंजिनावर लोड आला की ते सुरू.

आधी आयडलिंग. अर्धा चोक (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी कळ) ओढला तर ते सुधारलं, म्हणजे मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी). पायलट जेट मागेच साफ केला होता, मग जास्तीची हवा येते कुठून? इंजिन जेमतेम कोमट असताना इनटेकच्या जोडाभोवती कार्ब्युरेटर क्लीनरचा अगदी थोडा फवारा मारला आणि आयडलिंग लगेच बदललं. (हा फवारा पेट घेतो. मोकळ्या हवेत, प्लगच्या वायरपासून दूर, अग्निशामक हाताशी ठेवूनच करा.) कार्ब्युरेटरची फ्लँज (इंजिनाला जोडायची सपाट कड) उघडून सरळपट्टी धरली तर मधोमध उजेड दिसला. दोन्ही बोल्ट वर्षानुवर्षं करकचून आवळल्यामुळे ती वाकली होती. जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून, आठाच्या आकारात घासून सपाट केली, नवं पॅकिंग घातलं. आयडलिंग स्थिर, फटाके बंद.

चढावरचं मिसिंग जसंच्या तसं! चोक ओढून फरक शून्य, म्हणून पेट्रोल सोडून स्पार्ककडे वळलो. लोडखाली सिलिंडरमधला दाब वाढतो आणि तेवढ्या दाबात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. कमजोर इग्निशन तिथेच उघडं पडतं. अंधार करून पॉइंट पाहिले तर उघडताना चांगलीच जाड निळी ठिणगी. ती जिरवायचं काम पॉइंटला जोडलेल्या कंडेन्सरचं (छोट्या कपॅसिटरचं). तो गेला की कॉइलमधला प्रवाह झटकन तुटत नाही, प्लगला जोर मिळत नाही आणि पॉइंटही जळतात. माझ्या पॉइंटच्या एका बाजूला खड्डा, दुसरीवर उंचवटा. कंडेन्सर आणि पॉइंट दोन्ही बदलले. पॉइंटचा गॅप ०.३५ मिमी ठेवला, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) त्यानंतर लावलं. गॅप हलला की टायमिंगही हलतं, त्यामुळे हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

काल सलग ४० मिनिटं चालवली, चढावर एकदाही मिसिंग नाही. तो एकसारखा आवाज ऐकून उतरावंसंच वाटेना.

प्लगचं पोर्सलीन अजून जरा पांढरट आहे. नीडलची क्लिप एक खाच खाली घ्यायची आहे, म्हणजे नीडल वर जाऊन मिश्रण थोडं रिच (पेट्रोल जास्त) होईल. त्याआधी थंड इंजिनावर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासणार, पण दोन्ही कामं एकाच दिवशी नाही.