दीड महिन्याची लस आणि सासूबाईंचं "रडू दे गं"

दीड महिन्याच्या लसीला एकाच दिवशी पेंटा (पाच आजारांवरची एकच लस), पीसीव्ही (न्यूमोनियावरची), पोलिओचं इंजेक्शन आणि वर तोंडातून पोलिओ नि रोटाचे (जुलाबांवरच्या लसीचे) थेंब, म्हणजे एवढ्याशा जिवाला तीन सुया! सासूबाई म्हणाल्या रडू दे गं, फुफ्फुसं मोकळी होतात. होत नाहीत हो, दुखतं म्हणून रडतं ते.

तर सगळ्यात भारी उपाय फुकटातला आहे, अंगावर पाजणं. सुई टोचायच्या आधीच पाजायला घ्यायचं, टोचताना नि नंतरही चालू ठेवायचं. डब्ल्यूएचओने २०१५ मध्ये लसीच्या दुखण्यावर जे सांगितलं त्यातही हे आहे, बाळाला धरून ठेवा हेही आहे आणि जास्त दुखणारी लस शेवटी द्या हेही. आमच्या नर्सताई आधी "टेबलावर झोपवा" म्हणाल्या, मी म्हटलं ताई मांडीवरच घेते, एक पाय मोकळा ठेवते, तर तयार झाल्या बिचाऱ्या. रोटाचे थेंब गोड असतात ते सुयांच्या आधी द्यायला सांगितलं, गोड चवीने दुखणं जरा कमी जाणवतं म्हणे. पिल्लू किंचाळलं, पण मिनिटभरात परत चुटूचुटू प्यायला लागलं.

आणि हो मध चाटवू नका, वर्षाच्या आत अजिबात नाही. टोचलेली जागा चोळायचीही नाही. तापाचं औषध आधीच पाजून नेतात काही जण, त्याने सुईचं दुखणं कमी होत नाही, ताप आला तर डॉक्टरांनी वजनावरून सांगितलं तेवढंच द्यायचं. पुढची लस अडीच महिन्याला, तेव्हा नवऱ्याला पाठवावं म्हणते, पण पाजणार कोण!