तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या घरातला श्रावण

प्रश्न बहुतेक वेळा त्याच शब्दांत येतो. शाळेच्या फाटकाशी, ऑफिसात डबा खाताना, हळदीकुंकवाला. "तुमच्या घरी म्हणे सगळेच वाचतात. मुलांना सवय लावलीत कशी हो? आणि नोकरी, स्वयंपाक सांभाळून तुम्हाला वेळ तरी कधी मिळतो?" आजवर मी "लागली आपोआप" एवढं म्हणून विषय मिटवत आले. ते उत्तर खरं नव्हतं, आणि विचारणारीला त्याचा काही उपयोगही नव्हता.

म्हणून यंदा श्रावण लागला तेव्हा मी एक केलं. कालनिर्णयाच्या ज्या चौकटींत दुधाचा हिशोब लिहिते, तिथंच खाली बारीक अक्षरात त्या दिवशी घरात कुणी काय वाचलं तेही लिहीत गेले. अमावास्येनंतर ती पानं समोर घेऊन बसले, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आमच्या घरात एकटं बसून वाचणारी जवळपास मी एकटीच आहे. बाकी बहुतेक वाचन मोठ्यानं झालेलं. कुणीतरी कुणाला तरी वाचून दाखवलेलं.

याची सुरुवात आबांच्या डोळ्यांपासून झाली. माझे सासरे एस.टी.त ड्रायव्हर होते. काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू गेली. आता उजेड कळतो, समोर माणूस उभा असलेला कळतो, अक्षर कळत नाही. पेपर वाचल्याशिवाय दुसरा चहा न घेणारा माणूस. सुरुवातीला पेपर रोज यायचा आणि ते त्याची घडी न मोडता मांडीवर घेऊन बसायचे. मला ते बघवेना. सकाळी डबे भरता भरता मी त्यांना मथळे वाचून दाखवायला लागले, मग मथळ्याखालची बातमी, मग रविवारची पुरवणी. मुलं तेव्हा लहान होती. वाचणं म्हणजे आबांच्या कॉटपाशी बसून करायची गोष्ट, असंच त्यांच्या डोक्यात बसलं.

श्रावणात या सगळ्याला आत्यांच्या पोथीची जोड मिळते. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या चौथीपर्यंत शिकल्या, पण शिवलीलामृताचा अकरावा अध्याय अशा लयीत वाचतात की ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलते. श्रीधरस्वामींनी हा ग्रंथ शके १६४० मध्ये बारामतीत पुरा केला. चौदा अध्याय त्यांचे, पंधरावा मागाहून जोडलेला. आत्यांना हे सन सांगितलं की त्या मान हलवतात आणि पुढची ओवी धरतात. बोट ओळीवरून सरकत असतं, पण नजर पानावर असतेच असं नाही. माझी लेक पाचवीत आहे. माकडाला आणि कोंबड्याला रुद्राक्ष बांधून नाचवणारी महानंदा आली की ती सरकून पुढं बसते. अर्थ तिला निम्माच कळतो. निम्मा ती आत्यांना विचारून घेते, आणि आत्यांचा एक अध्याय मग दीड तास चालतो.

चारही सोमवारी आम्ही खुलभर दुधाची कहाणी वाचली. हातात अक्षता घेऊन बसायचं आणि कहाणी संपेपर्यंत मूठ उघडायची नाही. राजाला महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा असतो. तो दवंडी पिटतो, सगळं गाव घरातलं सगळं दूध आणून ओततं, तरी गाभारा भरत नाही. एक म्हातारी आधी मुलाबाळांना खाऊपिऊ घालते, लेकीसुनांचं बघते, वासरांना पाजते, आणि मग उरलेलं खुलभर दूध घेऊन जाते. गाभारा भरतो. इतक्या थोड्या शब्दांत राज्य कसं करावं हे सांगणारी दुसरी गोष्ट मी वाचलेली नाही. पहिल्या सोमवारी मी वाचली. दुसऱ्या सोमवारी लेक म्हणाली, मी वाचते. म्हातारी राजाला कारण सांगते तिथं तिनं आवाज बदलला. उपाशी वासरांबद्दल बोलणारी तिची म्हातारी चक्क रागावलेली होती. मी इतकी वर्षं ते वाक्य हात जोडल्यासारखं वाचत आले होते. तिचंच वाचन बरोबर, असं मला वाटलं.

मुलाचं दहावीचं वर्ष. क्लास, सराव परीक्षा, आणि उरलेला वेळ मोबाईल. त्याला मी काही वाच म्हणून सांगत नाही. पण २०२५ च्या मे महिन्यात जयंत नारळीकर गेले, तेव्हा शाळेतल्या सरांनी त्यांच्याबद्दल काहीतरी सांगितलेलं त्याच्या मनात राहिलं होतं. एका रात्री जेवताना त्यानं वहीच्या पानावर "ना. वि. ज." असं लिहून ताटाशेजारी ठेवलं आणि म्हणाला, "ओळखा." कुणाला ओळखता येईना. नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावानं. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून. केंब्रिजहून आलेला एवढा मोठा शास्त्रज्ञ आपल्या नावाचं वजन पडू नये म्हणून दुसऱ्या नावानं स्पर्धेत उतरतो, हे माझ्या मुलाला फार आवडलं. तो ते दोनदा म्हणाला.

त्याच आठवड्यात मोठा पाऊस झाला आणि संध्याकाळपासून लाइट गेली. क्लास नाही, नेट नाही. तो नारळीकरांच्या कथांचं पुस्तक घेऊन आबांच्या कॉटवर पाय वर करून बसला आणि मोबाईलच्या टॉर्चवर वाचायला लागला. घरात सगळीकडं काळोख. आबा हसून म्हणाले, "आज समदी माझ्यासारखीच." कुणी काही बोललं नाही. मुलानं टॉर्च पानाच्या आणखी जवळ धरला आणि वाचत राहिला. चार्जिंग संपेपर्यंत वाचलं त्यानं.

पंधरा ऑगस्टला भिलारला गेलो. पाचगणीजवळचं स्ट्रॉबेरीचं गाव, २०१७ पासून पुस्तकांचं गाव. तिथं लोकांच्या घरांतच पुस्तकांची कपाटं आहेत. परक्या घराच्या ओसरीवर बसून, समोर धुकं वाहत असताना, लेकीनं फास्टर फेणेचं एक अख्खं पुस्तक संपवलं आणि येताना घाट उतरेपर्यंत "ट्टॉक" करत राहिली. नंतरचा आठवडा कोरा आहे. तिला ताप होता, चौकटीत फक्त औषधाच्या वेळा आहेत. मी एक नवी कादंबरी घेतली होती, ती साठाव्या पानावर सोडली. त्यात सगळी माणसं एकाच आवाजात बोलत होती.

पण या महिन्यातली मला सगळ्यात जपून ठेवावीशी वाटणारी चौकट माझ्या नवऱ्याची आहे. तो वाचत नाही. एमआयडीसीत पाळीची नोकरी, घरी येतो तेव्हा डोळे मिटत असतात. पुस्तक हा माझा आणि आबांचा विषय, असं त्यानं धरून ठेवलेलं. मी आबांना व्यंकटेश माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' वाचून दाखवत होते. १९४९ सालचं पुस्तक, एकेका माणसाचं एकेक चित्र. 'झेल्या' झाला, 'धर्मा रामोशी' झाला, आणि माझा घसा बसला. आबा दोन दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भाजी निवडत होते तेव्हा आतून नवऱ्याचा आवाज आला. थांबत थांबत, स्वल्पविरामावर अडखळत. 'रामा मैलकुली'.

पहिल्याच पानावर आबांनी त्याला थांबवलं. "मैलकुली म्हंजी काय, ठाव हाय का तुला?" त्याला ठाऊक नव्हतं. मलाही नीटसं नव्हतं. मग आबा बोलायला लागले. सातारा–म्हसवड गाडी त्यांनी कितीतरी वर्षं चालवली. कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले, म्हसवड, सगळा माणदेशाकडचा रस्ता. त्या रस्त्याचा ठराविक तुकडा बांधकाम खात्याच्या एकेका मैलकुलीच्या ताब्यात असायचा. खड्ड्यात मुरूम भरायचा, कडेच्या चाऱ्या उकरायच्या, झाडं जगवायची. पुढं ओढ्याला पाणी आलेलं असलं की रात्री कंदील हलवून गाडी थांबवणारा तोच. "त्याच्या जिवावर आमच्या गाड्या," आबा म्हणाले. "पर त्याला कुणी तिकिटाबिगर बसू देत नव्हतं. मी द्यायचो."

नवरा पुस्तक मांडीवर पालथं घालून ऐकत होता. वडिलांच्या नोकरीतली ही गोष्ट त्याला पन्नाशीला आल्यावर पहिल्यांदा कळत होती. मी भाजीची परात तिथंच ठेवली आणि दाराशी उभी राहिले. चित्र पुरं व्हायला त्यांना तीन संध्याकाळी लागल्या, कारण पानापेक्षा रस्ताच जास्त होता. त्या तीन चौकटींत मी फक्त "आबा, हे" एवढंच लिहिलंय.

आणि माझं स्वतःचं? रात्री अकरानंतर, सगळं आवरल्यावर, चार-पाच पानं. या महिन्यात लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' पुन्हा काढलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेली, लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षर शिकलेली बाई. १८९५ मध्ये नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा काय झालं ते ती इतकं सरळ सांगते, की माझ्याच्यानं त्या रात्री पान उलटेना. मी मनात वाचते असं मला वाटत होतं. पण काही ओळी तोंडातून बाहेर पडत असाव्यात, आणि आबांची झोप हलकी.

श्रावण संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर झाल्यावर ते म्हणाले, "त्या टिळकांच्या बाईंचं काय झालं पुढं?"

मी पुस्तक घेऊन आले. खूण अर्ध्याच्या पुढं होती. म्हटलं, "मी इथवर आलेय, इथून वाचू का?"

"मधनंच कुठं गाडीत बसवतीस?" आबा म्हणाले. "स्टँडावरनं सोड की."

मी खूण काढून घेतली आणि पहिलं पान उघडलं.