संमेलनातला लेगस्पिन

पुण्यातल्या आमच्या मुलींच्या शाळेचे स्नेहसंमेलन दर वर्षी डिसेंबरात भरत असे, आणि त्यात सर्वाधिक गर्दी खेचणारा कार्यक्रम नाट्यप्रवेश नसून दहावीच्या मुली विरुद्ध शिक्षिका असा क्रिकेटचा सामना असे. बाई पदर खोचून फलंदाजीला येत आणि आमच्या बाजूने जी-ती लेगस्पिनच, म्हणजे मनगटाने वळवायची फिरकीच, टाकायला बघे, कारण भारताच्या कसोटीपटू शुभांगी कुलकर्णी पुण्याच्या होत्या आणि लेगस्पिन टाकत होत्या. आम्हांला एवढे कारण पुरेसे होते. टेनिसचा चेंडू मनगटातून सोडताना बहुधा तो यष्टींऐवजी पंच म्हणून उभ्या असलेल्या शिपाईमामांकडेच वळे, आणि रात्रीच्या फिशपाँडमध्ये त्याचा हिशेब चुकता होई: ‘हिचा चेंडू इतका वळतो, की फलंदाजाआधी पंचच बाद होतो!’

हस्तकलेच्या प्रदर्शनाच्या वर्गात खेळाच्या बाईंचा एक पुठ्ठा हमखास टांगलेला असे. त्यावर खळीने चिकटवलेली, कडा पिवळ्या पडलेली कात्रणे आणि खाली बाईंच्या टपोऱ्या अक्षरांतली टिपणे असत. १९७६ साली वेस्ट इंडीजविरुद्ध भारतीय महिला संघाची पहिली कसोटी मालिका झाली, तेव्हा शुभांगीताई अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. १९८५ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि १९८६च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी संघाचे नेतृत्व केले. त्या दौऱ्यातल्या तिन्ही कसोट्या अनिर्णित राहिल्या, तरी वूस्टरला संध्या अगरवाल यांनी केलेल्या १९० धावांचा विक्रम बाईंनी लाल शाईने लिहिला होता.

शुभांगीताईंची कारकीर्द १९ कसोट्यांत ६० बळी एवढ्या आकड्यांत मावते. पण मला त्या आकड्यांपेक्षा मधली रिकामी वर्षे अधिक बोलकी वाटतात. १९७७च्या आरंभी पर्थला खेळल्यानंतर भारतीय महिलांना पुढची कसोटी थेट १९८४ साली मिळाली. इंग्लंड दौऱ्यानंतर पुन्हा १९९१पर्यंत एकही नाही, आणि १९८८च्या विश्वचषकात तर आपला संघ उतरलाच नाही. फिरकी गोलंदाजाचा हात ज्या वयात खऱ्या अर्थाने बसतो, नेमकी तीच वर्षे अशी सामन्यांवाचून गेली. शिवाय देशातल्या स्पर्धांना जायचे ते रेल्वेच्या अनारक्षित डब्यातून, स्वतःची वळकटी घेऊन, आणि मुक्काम एखाद्या सामायिक खोलीत जमिनीवर. बक्षीस समारंभात बाई हे दर वर्षी सांगत. पाठ झालेले असूनही त्या वेळी मागच्या रांगेतली कुजबुज थांबे.

२००६ साली महिला क्रिकेटचा कारभार बीसीसीआयकडे गेला, तेव्हा महिला क्रिकेट संघटनेच्या सचिवपदी शुभांगीताईच होत्या. माजी विद्यार्थिनींच्या मेळाव्यात आम्ही ही बातमी मोठ्या उत्साहाने सांगितली, तेव्हा निवृत्त झालेल्या बाईंनी चष्मा वर सरकवून एवढेच विचारले, “मग आता पोरींना गाडीत बसायला जागा मिळेल ना?”